हिवाळे मॅडमचा मातीचा पाळणा

दुसऱ्याच्या घरात शिरलं की माणसं पंख्याखाली बसतात, पाणी मागतात, भिंतीवरचे फोटो बघतात. हिवाळे मॅडम आधी चार्जर शोधायच्या. सापडला की लेकराचा ताप बघावा तसा त्याला उलटा हात लावायच्या. गार लागला तर मान हलवून बसायच्या. तापलेला असला तर कुणाला न विचारता बटण बंद करायच्या आणि मग नमस्कार करायच्या. पाणी मागायची सवय त्यांना नव्हती. दिलं तर प्यायच्या.

आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या त्या भाड्याची खोली बघायला. गावातल्या हायस्कूलवर विज्ञान शिकवायला त्यांची बदली झाली होती. घर जालन्यात, मस्तगडच्या मागं. मिस्टर तिथंच नोकरीला. रोजचं जाणं-येणं जमणार नाही म्हणून खोली हवी होती. आमचं घर कुंभार पिंपळगावच्या रस्त्याला आहे. पुढं माझं दुकान, त्यात फवारणी पंपाचे पार्ट, पाइप, नोझल, कॉक, वॉशर. मागं आम्ही राहतो. शेत आमचे मालक बघतात, दुकान मी बघते. कुणी कुणाच्या कामात बोलत नाही, म्हणून बरं चाललंय.

मी त्यांना मोरी दाखवली, नळ दाखवला. त्यांचं लक्षच नव्हतं. नाक वर करून त्या मधल्या खोलीच्या दारात थांबल्या होत्या. त्या खोलीत आमचा कापूस असतो. भाव येईपर्यंत घरात कापूस ठेवायचा ही इकडची रीत. तेव्हा ऐन थंडीचे दिवस होते आणि ढीग माळवदाला टेकायला आला होता. ढिगाला पाठ लावून आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, वाती वळत बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यावरच्या खिडकीत मालकांचं संशोधन मांडलेलं होतं: भंगारातल्या लॅपटॉपचे दोन गोल सेल, त्यांना चिकटपट्टीनं डकवलेल्या वायरी, आणि त्या वायरी मोबाइलच्या जुन्या चार्जरला जोडलेल्या.

मॅडम चप्पल काढून आत गेल्या, सेलला उलटा हात लावला आणि बटण बंद केलं.

"हे कुणाचं काम हाय?"

"आमच्या मालकांचं," मी म्हणाले. "डोक्याला बांधायच्या बॅटरीचे सेल आहेत. रात्री पाणी द्यायला जावं लागतं."

"हुशार हायेत. आन् अजून जित्तेबी हायेत. ह्या दोन्ही गोष्टी संगं जास्त दिवस टिकत न्हाईत."

आत्यांनी वात बाजूला ठेवली. "सूनबाई, ही खोली बघायला आल्ती का वायरमन हाय?"

"दोन्ही," मॅडम म्हणाल्या आणि आत्यांच्या शेजारी कापसावर बसल्या.

अनामत, भाडं, विजेचं बिल यावर आमचं बोलणं चहा संपायच्या आत आटोपलं. त्यांची अट एकच होती. कापसाच्या खोलीत काहीही चार्ज करायचं नाही. मी म्हटलं, मालकांना सांगते, बंद करा म्हणून. त्यावर त्या म्हणाल्या, "बंद करा म्हणलं की माणूस लपून करतंय वहिनी. तेच्यापेक्षा आपण बराबर करून देऊ."

हे वाक्य मी नंतर दुकानात, घरात, गावात बऱ्याचदा वापरलं. कामाचं आहे.

मॅडम भित्र्या होत्या. हे मी त्यांच्या माघारी बोलत नाही, त्या स्वतःच सांगायच्या. शाळेतली पोरं त्यांना फायर ब्रिगेड म्हणायची आणि ते त्यांना ठाऊक होतं. प्रयोगशाळेच्या दारात वाळूची बादली, गॅलरीत वाळूची बादली, त्यांच्या भाड्याच्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीखालच्या फळीवर पुस्तकं आणि फळीखाली वाळूची बादली. मालक एकदा म्हणाले, "मॅडम, तुम्ही दिवाळीत काय करता?" मॅडम म्हणाल्या, "बादली भरून घरात बसते. भाऊ, भ्या वाटणं ही कला हाय. समद्यांना येत न्हाई."

चौकातल्या चहाच्या टपरीवर एकच बोर्ड होता आणि तो गॅसच्या टाकीवर ठेवलेला. अर्ध्या गावाचे मोबाइल त्याला लटकलेले. मॅडमनी ते पाहिलं आणि कप हातात घेऊन उभ्याच राहिल्या. टपरीवाला म्हणाला, "मॅडम, चहा गार होऊन राह्यला." त्या म्हणाल्या, "होऊ द्या. चहा गार झालेला परवडतो. जोवर तो बोर्ड तिथं हाय तोवर मी बसत न्हाई, आन् बाईमाणूस उभं असल्यावर ह्या समद्या लोकांनी बसावं का, ते तुम्हीच ठरवा." बाकड्यावरची माणसं एकेक करून उठली. बोर्ड भिंतीवर गेला तो आजही तिथंच आहे. मॅडमनी गार चहा पिऊन टाकला आणि दुसरा घेतला नाही.

तर पाळणा. आमच्या घरात त्याला हेच नाव आहे.

मालकांचं म्हणणंही खोटं नव्हतं. मोटारीला वीज येते ती रात्री. एका हातात खोरं आणि दुसऱ्या हातात बॅटरी धरून बारं मोडता, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवता येत नाही. रानडुकरं आहेत, साप आहेत. डोक्यावर उजेड हवाच. मॅडमनी ते सगळं ऐकून घेतलं, भंगारातले सेल मात्र दारात आणू दिले नाहीत. "ह्यांनी पहिल्या मालकाकडं काय काय सोसलंय, आपल्याला काय माहीत? भरलेला सेल म्हंजी पोट भरलेलं जनावर. निवांत दिसतंय, पण तेच्या शेपटीवर पाय द्यायचा न्हाई." ते सेल कोरड्या वाळूच्या गाडग्यात घालून अंगणाच्या पार टोकाला ठेवले आणि पुढं त्या ते जालन्याला अशा वस्तू घेणाऱ्याकडं देऊन आल्या. नवे सेल आणले ते टोकाला बोंडी असलेले. दिसायला आपल्या नेहमीच्या सेलसारखेच, थोडे जाड.

सेल ठेवायला काय करावं याचा त्यांनी महिनाभर विचार केला. लाकूड नको, जळतं. प्लास्टिक नको, वितळतं. मालकांनी घरातला स्टीलचा डबा पुढं केला तर त्यांनी कपाळावर हात मारला. "भाऊ, डब्यातून वीज धावती. सेलाची दोन्ही टोकं त्याला लागली म्हंजी मंग मला नका बोलवू, माझ्या बादल्यांना बोलवा." शेवटी एका बाजारच्या दिवशी त्या मला घेऊन पिंपळगावला गेल्या आणि कुंभाराच्या बाईपुढं उकिडव्या बसल्या.

"दोन काकड्या शेजारी शेजारी झोपवता येतील असं करून द्या. मधी भिंत पाहिजे. बूड जाड. हितं, हितं, हितं आन् हितं भोकं. भाजताना माती आवळती, म्हणून माप जरा सैल धरा."

कुंभारीण हसली. "बाई, ही चूल हाय का पाळणा?"

"पाळणाच समजा. आत दोन वांड पोरं झोपवायचीत."

पुढच्या बाजारी भाजलेला लाल मातीचा पाळणा मिळाला. त्यानंतरच्या संध्याकाळी मॅडम शाळेतून आल्या की ओट्यावर पसारा मांडायच्या आणि मी दुकान आवरत त्यांना लागेल ते द्यायची. जुन्या बॅटऱ्यांच्या पितळी पट्ट्या आणि स्प्रिंगा त्यांनी नटबोल्टनं भोकांत आवळल्या. वायरीला कथलाचा डाग दिला तो पट्टीला. सेलला डाग द्यायचा नाही, चटका बसतो, हे त्या मला इतक्यांदा सांगायच्या की जणू मी घरात रोज तेच करते. प्रत्येक सेलला चार्जिंगचं वेगळं छोटं सर्किट, सेल भरला की आपोआप थांबणारं. चार्ज होताना लाल दिवा, भरल्यावर निळा. शेवटी ज्या टोकाला सेलची बोंडी येते तिथं त्यांनी ऑइलपेंटनं ठळक लाल पट्टा ओढला, आणि सेलांच्या बोंडीकडच्या टोकालाही लाल पट्टा.

"लालकडं लाल. बस. भाऊंना चष्मा लावायची गरज न्हाई."

मला वाटलं झालं. तर त्या म्हणाल्या, "वहिनी, फायबरचे दोन वॉशर द्या. जाड."

ते त्यांनी लाल टोकाच्या पितळी पट्टीवर बसवले. वॉशरच्या भोकातून सेलची बोंडी आत जाते आणि पट्टीला टेकते. सेल उलटा टाकला तर त्याचं सपाट बूड वॉशरवर अडतं, पट्टीपर्यंत पोचतच नाही. मी म्हटलं, "रंग दिलाय की. आता वॉशर कशाला?"

"रंग माणसासाठी. वॉशर माणूस चुकल्यावर."

मालकांना ते वॉशर पहिल्या दिवसापासून खुपले. सेल जरा वाकडा बसला तर बोंडी भोकात जायची नाही, लाल दिवा लागायचा नाही, मग दाबून बसवा, फिरवून बसवा. माणूस शेतावर निघालेला, डोक्यात घाई. "मॅडम, काढून टाका हो ते. आम्ही काय आंधळे हाओत?" मॅडम म्हणायच्या, "तुम्ही डोळस हाव. पण रोज न्हाई." मी दुकानदारीण, मला कटकटीचा पार्ट आवडत नाही. मीही एकदा मालकांची बाजू घेतली. मॅडमनी दोघांकडं बघितलं आणि पान्हा साडीच्या पिशवीत टाकला. पान्हा पिशवीत गेला की विषय संपला.

पाळणा ठेवायची जागा ठरलेली होती. ओट्याच्या कोपऱ्यात शहाबादी फरशीवर, वर पत्रा, आसपास काही नाही. सेल आत असताना घरी कुणीतरी जागं पाहिजे. पावसाळा असा गेला. कापसाला फवारण्या झाल्या, पाळणा आपलं काम करत राहिला आणि आम्ही त्याच्याकडं बघायचं सोडून दिलं.

दसऱ्याला मॅडम दरवर्षी नागपूरला जात. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्या दीक्षाभूमीला निघाल्या. जाताना पाळण्यातले सेल काढून शेजारी ठेवले, उलटा हात लावला आणि मला म्हणाल्या, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येते. बघा जरा."

खंडेनवमीला आमच्याकडं सगळी हत्यारं पुजतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, मेंढरं असतानाच्या काळातली कात्री, माझा दुकानातला पान्ह्यांचा संच, फवारणीचे पंप, ट्रॅक्टर. आत्या सकाळपासून हळद-कुंकवाची वाटी घेऊन फिरत होत्या. मी दुकानात होते. दुसऱ्या दिवशी दसरा. पुरणपोळीचं जेवण झालं, आत्या गुडघे धरून कापसाच्या खोलीत पडायला गेल्या. पहिल्या वेचणीचा कापूस खिडकीच्या खालपर्यंत आला होता. नवा कापूस ऊबदार असतो, त्यांचं त्याच्यावर अंग हलकं होतं. दुपार कलली तशी मी आणि मालक सोनं वाटायला गावात निघालो. आमच्याकडं शेरडं आहेत, ती कापसात शिरतात. म्हणून घरात कुणी झोपलेलं असलं तरी बाहेरून कडी घालायची आमची सवय. ती मीच घातली.

मारुतीच्या पारावर माझ्या जावा भेटल्या, गप्पा झाल्या. आभाळ भरून आलं होतं. मालक म्हणाले, "पाऊस येतोय का काय. बरं झालं, पाळणा आत ठेवून आल्तो."

"आत कुठं?"

"मधल्या खोलीत. खिडकीत. आज रातीची लाईन हाय ना."

मी आपट्याची पानं त्यांच्या हातात दिली आणि निघाले. पळाले असं लिहायला हवं, पण या वयात ते पळणं नव्हतं. दिवे लागायची वेळ होती. कडी काढली. खोलीत अंधार होता आणि खिडकीत दोन दिवे दिसत होते, एक लाल, एक निळा. खिडकीखाली कापसात आत्या तोंड उघडं टाकून झोपलेल्या. पाळण्यावर झेंडूचं फूल वाहिलेलं.

मी बटण बंद केलं, प्लग उपसला आणि उलटा हात लावला. एक सेल कोमट होता, चार्ज होताना असतो तेवढा. दुसरा गार. मला वाटलं, हा भरला, म्हणून निळा. मग मोबाइलचा उजेड पाडला. त्याची बोंडी स्प्रिंगकडं होती. सेल उलटा होता. बूड वॉशरवर अडलं होतं, आत वीज गेलीच नव्हती. निळा दिवा नुसताच लागलेला होता, रिकाम्या पाळण्याला लागतो तसा.

मी खाली बसले. कापसावरच बसले, दुसरं काही नव्हतं. आत्या जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "सोनं आणलं का?"

मालक मागून आलेच. मी पाळणा त्यांच्या पुढं धरला. ते चिडले. "लालकडं लाल लावलं की मी! बघ ना!" मी बघितलं. खरंच लालकडं लाल होतं. अडचण एवढीच की पाळण्याच्या दोन्ही टोकांना लाल होतं, आणि सेलांच्याही.

"मी लावलं कुंकू," आत्या म्हणाल्या. "त्या बाईचं हत्यार हाय ते. ती पूजत न्हाई म्हणून तेला दसऱ्याच्या सणाला तसंच ठेवायचं व्हय? एका अंगाला होतंच, दुसरं अंग भुंडं दिसत होतं. तेलात कालवून लावलं, निघू न्हाई म्हणून."

खरोखर निघत नव्हतं. मातीनं तेल पिऊन घेतलं होतं.

त्या संध्याकाळी आमच्या घरी जे बोलणं झालं ते दसऱ्याला शोभणारं नव्हतं. मालक म्हणाले, कुंकू लावायला कुणी सांगितलं. आत्या म्हणाल्या, माझ्या उशाला इस्तू ठेवून कडी घालून कोण गेलं. कडीचं नाव निघालं तसं मीही गप्प बसले नाही. पण खरी भीती तिघांनाही एकच होती. उद्या मॅडम येणार. "तिला सांगू नको," मालक म्हणाले. "खोली सोडून जाईल ती." मला काही लपवून ठेवता येत नाही. मी म्हटलं, सांगणार, आणि नावासकट सांगणार.

मॅडम दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं आल्या. एका पिशवीत पुस्तकं, दुसऱ्या पिशवीत संत्रा बर्फी. दुकानाच्या पायरीवरच मी त्यांना सगळं सांगितलं. कापसाची खोली, खिडकी, आत्या, कडी, कुंकू. त्यांनी पाळणा हातात घेतला, गार सेलला गार असूनही उलटा हात लावला, वॉशरवरून अंगठा फिरवला आणि सामानासकट स्टुलावर बसल्या.

"आणि तो उलटा सेल टाकला कुणी, तर—"

"थांबा वहिनी. नाव सांगू नका."

"अहो, पण कळायला नको?"

"बिलकुल न्हाई. काही जळालं का? न्हाई जळालं. मंग नाव कशाला पाहिजे?"

मला वाटलं होतं त्या ओरडतील. मी त्याची तयारी करून बसले होते.

मग त्यांनी बर्फीचा पुडा सोडला आणि सांगितलं, पुस्तकातला धडा सांगावा तशा आवाजात. त्या लहान असताना गावच्या एका मोठ्या शेतकऱ्याची कडब्याची गंजी पेटली. त्यांचे वडील त्या शेतात सालानं कामाला होते. वडिलांना बिडीचं व्यसन नव्हतं, त्या वेळी ते गंजीपाशी नव्हतेही. पण विझवून झाल्यावर लोक राखेभोवती उभे राहिले आणि कुणीतरी विचारलं, कुणी केलं? "एकदा जळालं की नाव लागतंय वहिनी. नाव लावल्याबिगर लोकांना घरी जाताच येत न्हाई. आन् ते नाव जो कमजोर असंल तेचं लागतंय. आमच्या बापाचं लागलं. मंग आम्ही गाव सोडलं. आई सांगायची, कुणाच्या गंजीपाशी थांबू नको, आन् कुणाच्या दारात पाणी मागू नको." त्यांनी बर्फीचा तुकडा मला दिला. "हितं न्हाई जळालं. म्हणून हितं कुणाचंच नाव न्हाई. ह्याच्यासाठी तर वॉशर बसवला होता."

दुकानात पाइपांच्या वेटोळ्यांमागं आमचे मालक उभे होते. ते मला माहीत होतं, मॅडमना नव्हतं. की होतं, कुणास ठाऊक. ते पुढं आले आणि मान खाली घालून म्हणाले, "मॅडम, मीच टाकल्ता उलटा."

"मी विचारलं होतं का भाऊ?"

"न्हाई."

"मंग बर्फी खावा."

मालक हसले, मीही हसले. आदल्या संध्याकाळपासून घरात कुणी हसलं नव्हतं. मालकांनी बर्फीचे दोन तुकडे उचलले, वर म्हणाले, "ते वॉशर मात्र ऱ्हाऊ द्या."

राहिल्या आत्या. त्या आतल्या दारात बसून होत्या, पदर पुढं ओढून. मॅडम त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "आत्या, चूक माझी हाय. ज्या घरात चांगल्या कामाला लाल लावतेत, तिथं म्या लालचीच खूण केली. तुम्ही माझ्या हत्याराला उपाशी ठेवलं न्हाई, हे बराबरच केलं." आत्यांना एवढं बास झालं. पदर मागं गेला.

मॅडमनी मग कानस घेतली आणि पाळण्याच्या त्या टोकाला बोट बसेल अशी खोल खाच पाडली. रंगावर रंग चढतो, खाचेवर काही चढत नाही. आत्यांचं बोट धरून त्यांनी खाचेवरून फिरवलं, मग सेलच्या बोंडीवरून फिरवलं. "डोळे झाका. टाका आता." आत्यांनी टाकला, बरोबर टाकला. परत काढला, परत टाकला. आयुष्यभर वाती वळलेली बोटं ती, त्यांना बोंडी कळायला वेळ लागला नाही. "हे तं सोपं हाय की," त्या म्हणाल्या आणि मालकांकडं असं बघितलं की मालक शेताकडं निघून गेले.

त्या दिवसापासून सेल टाकायचं काम आत्यांकडं गेलं. मालकांना आता बॅटरी हवी असली की आईजवळ मागावी लागते. पाळणाही मॅडमनी ओट्याच्या भिंतीला बोल्टनं आवळून टाकला. "पाळणा हालत होता, ही दुसरी चूक," म्हणाल्या. "हा न हालणारा पाळणा." पाऊस आला तर सेल आत येतात, पाळणा येत नाही. खंडेनवमीला आत्या त्याला अजून कुंकू लावतात, पण भिंतीला लावतात, त्याच्यापासून हातभर लांब. आणि झोपलेल्या माणसावर बाहेरून कडी घालणं मी सोडलं. शेरडांसाठी अर्धं फाटक करून घेतलं.

मॅडम आमच्याकडं काही वर्षं राहिल्या, मग बदली होऊन जालन्याजवळच्या शाळेत गेल्या. टेम्पोत सामान थोडं होतं, पुस्तकं जास्त. वाळूची बादली त्या विसरून गेल्या असं मला वाटलं. फोन केला तर म्हणाल्या, "विसरले न्हाई. ठेवली."

मागच्या उन्हाळ्यात त्या गावातल्या एका लग्नाला आल्या होत्या. आता निवृत्त झाल्यात, केस पांढरे, चालणं तसंच तरातरा. येणार हे कळल्यापासून आत्यांची घरभर फिरती चालली होती. मोबाइलचे चार्जर काढून फडताळात ठेवले, एकच भिंतीला ठेवला, मॅडमना तपासायला. तो गार आहे का हे त्यांनी स्वतः उलटा हात लावून बघितलं, मग परत बघितलं. ओट्यावरचा पाळणा पुसला. त्यात सेल चार्ज होत होते, तेही मुद्दामच.

मॅडम आल्या. ओट्यावर चपला काढल्या, पाळण्याशेजारून आत आल्या, चार्जरच्या भिंतीवरून नजर न फिरवता सरळ आत्यांजवळ येऊन बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

आत्यांना राहवेना. "अवो बाई, हात लावून बघा की आधी. गार हाय का न्हाई ते."

"कशाला? तुम्ही हाय ना हितं," मॅडम म्हणाल्या, आणि माझ्याकडं वळल्या. "वहिनी, लई ऊन हाय बाई. पाणी द्या."

मी माठाकडं गेले. मोठा तांब्या भरून आणला.